सहा गोल नेमके कुणाला लागले?

पत्र :

सर, नमस्कार. मी बँकेत नोकरीला आहे, राहायला सात रस्त्याजवळ. कॉलेजात असताना फुटबॉलमध्ये बॅक, म्हणजे बचावाला, खेळायचो. दिवाळीनंतर विजापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवायला लागलो. फी घेत नाही. सुरुवातीला १४ मुलं यायची, त्यात दोन मुली. जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू असताना, एका छोट्या स्पर्धेत उतरलो. पहिली मॅच ०-६, दुसरी ०-५. तेव्हापासून मी शिस्त आणली. आधी मैदानाला पाच राउंड, मग रांगेत शूटिंग, हेडर (डोक्यानं चेंडू मारणं), पोझिशन. मॅच फक्त शनिवारी. आता आठच जण येतात. एकाला रोज पाच वाजले की पोटात दुखतं, असं त्याची आई सांगते. पालक बाजूला उभं राहून ओरडतात. एक वडील म्हणतात, माझ्या मुलाला फॉरवर्डलाच खेळवा. दुसरे म्हणतात, दांडगी पोरं घ्या, बाकीची काढा. माझा मुलगाही टीममध्ये आहे. तो परवा म्हणाला, ‘बाबा, मला क्रिकेटला घाला.’ एप्रिलात पुन्हा स्पर्धा आहे. माझं कुठं चुकतंय?
– एक हौशी कोच, सोलापूर

नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली. ०-६ झाल्यावर मैदानाबाहेर काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी तिथं नव्हतो, तरी सांगतो, जुळतंय का बघा. पोरांनी पाच मिनिटं तोंडं पाडली. एखादा रडला असेल. मग कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, कुणीतरी म्हणालं, ‘ए, गड्ड्यात पाळण्यात बसायला जायचं का बे?’ आणि सहा गोलांचा विषय तिथंच संपला. पोरं घरी जाऊन, जेवून झोपली. रात्री एक वाजता पंख्याकडं बघत पडला होतात ते तुम्ही.

म्हणजे गोल पोरांना लागलेच नाहीत, तुम्हाला लागले. कॉलेजातला बॅक अजून तुमच्या अंगात उभा आहे, आणि आपल्या मागनं सहा चेंडू गेले हे त्याला सहन झालेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पोरांना कामाला लावलं. राउंड, रांग, हेडर, पोझिशन, हे सगळं त्या बॅकच्या समाधानासाठी चाललंय. सात वर्षांच्या पोराला त्यातलं काही नकोय. त्याला चेंडू पाहिजे.

जरा कडक बोललो. पण ही चूक मी तुमच्याहून मोठी केलीय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडं एक जाडसर पोरगा होता. पळायला कमी, म्हणून मी त्याला गोलमध्ये उभा केला. दोन वर्षं. कधी तक्रार नाही, रडणं नाही, मला वाटलं पोरगा तिथं रमलाय. मध्यंतरी टॉवेल घ्यायला एका दुकानात गेलो तर गल्ल्यावर तोच. पाया पडला, चहा मागवला, पैसे घेईना. बोलता बोलता म्हणाला, ‘सर, त्या दोन वर्षांत मी पायानं चेंडू कधी मारला सांगू? गोलकिक सोडून एकदाही नाही.’ हसतच म्हणाला. बाहेर आलो तर स्कूटर कुठं लावली तेच आठवेना.

आता तुमची शूटिंगची रांग घेऊ. एक चेंडू, १४ पोरं. एकानं मारायचा, पळत जाऊन आणायचा, पुढच्यानं ठेवायचा. वीस सेकंद धरा. वीस मिनिटांत ६० फटके झाले. १४ जणांत वाटले तर एकाच्या वाट्याला जेमतेम चार. उरलेला सगळा वेळ पुढच्याच्या मानेकडं बघत उभं राहायचं. मग ढकलाढकली सुरू होते, कुणी कुणाच्या बुटाची नाडी सोडतो, आणि तुम्ही शिट्टी फुंकून शिस्तीवर भाषण देता. पोरगं बेशिस्त नाही हो, रिकामं आहे.

म्हणून पहिलं काम, जेवढी पोरं तेवढे चेंडू. तीन नंबरचे घ्या. बरेच हौशी कोच पाच नंबरचा आणतात, कारण टीव्हीवर तोच दिसतो. पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. तो मोठ्या माणसांचा. सात वर्षांच्या पायाला तो दगड. आठ-नऊ वर्षांपर्यंत तीन नंबर, तिथून बाराव्या वर्षापर्यंत चार नंबर. एकदम एवढे चेंडू परवडत नसतील तर पोरांना घरचे रबरी आणायला सांगा आणि हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे टणाटणा उडत नाहीत.

राउंड बंद. अंग मोकळं करायला विषामृत खेळवा, पण चेंडू पायात ठेवून. ज्याला विष लागलं त्यानं आपला चेंडू डोक्यावर धरून, पाय फाकवून उभं राहायचं. अमृत द्यायचं तर सोबत्यानं स्वतःचा चेंडू त्याच्या दोन पायांमधून घालवायचा. दहा मिनिटांत पोरं घामानं निथळतात. चेंडू घेऊन वळणं झालं, मान वर करून बघणं झालं, नेमका पास झाला, आणि ‘पासिंग’ हा शब्द तुम्ही तोंडातून काढलेलाही नसतो.

पण माझा खरा जीव आट्यापाट्यांवर. फक्कीनं चार पाट्या आखा, दोन पाट्यांत सहा-सात पावलांचं अंतर. प्रत्येक पाटीवर एक जण. त्यानं पाटी सोडायची नाही, तिच्यावरच डावी-उजवीकडं सरकायचं. बाकीच्यांनी चेंडू पायात घेऊन एकेक पाटी ओलांडत पलीकडं जायचं आणि परत यायचं. समोरच्याला चकवायचं तर काय करावं लागतं? खांदा डावीकडं टाकायचा आणि उजवीकडनं निघायचं. हूल द्यायची. हेच तुम्ही उभं करून, हातवारे करून शिकवायला गेलात तर एक संध्याकाळ जाईल आणि पोरं माश्या मारत बसतील. आट्यापाट्यांत पोरगं तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्वतःच हूल द्यायला लागतं, कारण दिल्याशिवाय सुटकाच नाही. आणि पाटीवरच्या पोराचं बघा. त्याला दोनदा फसल्यावर कळतं, की झेप घेतली की गेलो. थांबायचं, सरकायचं, समोरच्याला चूक करू द्यायची. तुम्ही बॅक होतात. हे कळायला तुम्हाला किती वर्षं लागली होती?

आणि मॅच शनिवारपर्यंत राखून ठेवू नका. ती काय दिवाळीची करंजी आहे? रोज खेळवा. एकूण तास एकच ठेवा, त्यातला निम्मा मॅचला. मात्र सात-सात नको. आठ जण आलेत ना, चार-चार करा. बारा आले तर तीन-तीनची दोन मैदानं. गोलपोस्टला चपलांचे जोड, गोलकीपर कुणीच नाही. विटा-दगड तेवढे ठेवू नका, त्यावर कुणीतरी पडतंच. बाजू ओळखायला जुन्या टॉवेलच्या पट्ट्या कमरेला खोचा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा?

सगळी पोरं चेंडूभोवती गोळा होतील, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तशी. होऊ द्या. ‘जागा सोडू नको’ म्हणून ओरडलात तर एखादं आज्ञाधारक पोरगं खरंच जागा सोडणार नाही, आणि वीस मिनिटं कडेच्या बाभळीकडं बघत उभं राहील. या वयाला चेंडू स्वतःकडं हवा असतो, दुसऱ्याला द्यायचा नसतो. नऊ-दहा वर्षांची झाली की पांगायला लागतात. घोळका फारच झाला तर मैदानात दुसरा चेंडू सोडून द्या, आपोआप फुटतो. आणि पोरं कुठल्या भाषेत ओरडतात त्यात तर पडूच नका. आपल्या गावात एकाच टीममध्ये एक जण ‘रा’ म्हणतो, दुसरा ‘बा’, तिसरा ‘आ ना रे’ आणि चौथा ‘ये की बे’. चौघांनाही चौघांचं कळतं.

हेडर आजपासून बंद. यात माझ्याशी वाद घालू नका. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर द्यायचंच नाही असं ठरवलं. अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच्याही आधीपासून मनाई आहे. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात असं आढळलं होतं, की माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मरण येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आहे. ते हेडरमुळंच, असं त्यात सिद्ध झालेलं नव्हतं. पण खात्री होईपर्यंत दुसऱ्याच्या लेकरांची डोकी कशाला पणाला लावायची?

‘दांडगी पोरं घ्या’ म्हणणाऱ्या गृहस्थांकडं येऊ. आठ वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकत्र येतं. दोघांत अकरा महिने. सात वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सातवा-आठवा हिस्सा. म्हणून जगभर वयोगटाच्या निवडीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त दिसतात. ती चांगली असतात असं नाही, नुसती आधी जन्मलेली असतात. तुमचा आजचा दांडगा चौदाव्या वर्षी बाकीच्यांच्या उंचीचा होतो, तेव्हा त्याच्याकडं धक्का मारण्याशिवाय काही नसतं. आणि तुम्ही काढलेला बारका तोवर मोबाईल घेऊन घरी बसलेला असतो.

त्यांना नॉर्वेचंही सांगा. तिथं मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत स्पर्धेचे गुणतक्ते लावायलाच परवानगी नाही. गोलांसाठी जगभर नावाजलेला फॉरवर्ड एर्लिंग हालंड त्याच देशात, त्याच नियमाखाली वाढला. हे नाव ऐकून गृहस्थ जरा गप्प होतील.

फॉरवर्डवाल्या वडिलांना मात्र नियम सांगा, समजूत घालत बसू नका. एप्रिलात गेलातच तर दहा पोरं न्या. पाच-पाचची मॅच चार तुकड्यांत खेळवली तर २० जागा होतात, प्रत्येकाला बरोबर दोन. गोलमध्ये प्रत्येक तुकडीत नवा माणूस. हे वहीत आधीच लिहून ठेवा आणि ०-४ झालं तरी बदलू नका. स्पर्धा बाद पद्धतीची असेल, एक मॅच हरली की घरी, तर माझ्या मते जाऊच नका. त्यापेक्षा रविवारी सकाळी दुसऱ्या एका टीमला बोलवा, दहा-दहा मिनिटांच्या चार मॅच करा, आणि कुणी तीन गोलांनी पुढं गेलं की दुसऱ्या बाजूला एक गडी वाढवून द्या. पोरं गल्लीत स्वतः खेळतात तेव्हा हेच करतात. ‘लय होतंय बे, एक जण इकडं ये.’

पालकांचं ओरडणं बंद करायला मी भाषणं केली, विनंत्या केल्या, एकदा फळ्यावर लिहिलंसुद्धा. उपयोग शून्य. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. एका रविवारी पालक विरुद्ध पोरं अशी मॅच लावली आणि पोरांना बाजूनं ओरडायची मोकळीक दिली. ‘पप्पा, पळा की!’ ‘पप्पा, बघत काय करलालाव?’ पाचव्या मिनिटाला दोन वडील कमरेवर हात ठेवून उभे, एक फक्कीच्या रेषेवर बसलेले. पुढं दोन महिने शांतता होती. एक मात्र चौकशी करा, घरी गोलमागे दहा रुपये देणारं कुणी आहे का? असतं. ज्याला गोलचे दहा मिळतात तो मरेपर्यंत पास देत नाही.

पोट दुखणाऱ्या पोराचं पोट खरंच दुखतं, नाटक समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवू द्या. ते काही नाही म्हणाले तर मग दुखणं तुमच्या शिट्टीचं. त्याच्या घरी चेंडू घेऊन जा, दारात दहा मिनिटं खेळा आणि निघा. ‘उद्यापासून ये’ म्हणू नका. कुणी टाच दुखते म्हणालं तर त्यालाही ‘पळ, जाईल’ म्हणायचं नाही. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेचं हाड वाढत असताना खेळणाऱ्या पोरांना असं होतं, विश्रांतीनं थांबतं. नाही थांबलं तर दवाखाना.

१४ मध्ये दोन मुली होत्या असं लिहिलंत. आठमध्ये किती, ते लिहिलं नाहीत, त्यावरून काय ते समजलो. मुली थांबतात त्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. पोरं त्यांना चेंडू देत नाहीत, आणि मैदानावर लघवीला जायची सोय नसते. पहिल्यावर ज्याचा त्याचा चेंडू हा उपाय आहे. दुसऱ्यासाठी शेजारच्या एखाद्या घरी जाऊन आधी विचारून ठेवा. कोच म्हणून तुमचं हेही काम आहे.

आता तुमचा मुलगा. विजापूर रोडवरून सात रस्त्याला येईपर्यंत गाडीवर तुम्ही त्याच्याशी काय बोलता? ‘तो चेंडू का सोडलास? पळत का नव्हतास?’ असंच ना? पोरगं मागं बसलेलं, तोंड दिसत नाही, आणि चालत्या गाडीवरून उतरूनही जाता येत नाही. बाकीच्या तेरा पोरांचा कोच मैदानावरच राहतो, याचा एकट्याचा घरी येतो, ताटावर बसतो, गृहपाठ घेतो. त्या रस्त्यावर फुटबॉल पूर्ण बंद करा. त्यानं विषय काढला तर ऐका, आणि ऐकून झाल्यावर भूक लागलीय का विचारा.

मैदानावरही एक बघा. आपला पोरगा म्हणून झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, यासाठी कोच सगळ्यात जास्त त्यालाच झापतो. चुकीचं कसं असतं हे दाखवायला त्यालाच पुढं बोलावतो. मी केलंय हे, आणि माझा मुलगा आज चाळिशीचा आहे, तरी मी शिट्टी वाजवली की खोलीतून उठून जातो. क्रिकेटला जायचं म्हणत असेल तर जाऊ द्या. पॉली उम्रीगर याच गावात जन्मले, १९२६ साली. क्रिकेटशी आपलं काही वैर नाही. या वयात दोन-तीन खेळ खेळलेलं शरीराला चांगलंच. फक्त त्याला विचारा, की क्रिकेट हवंय, की दुसरा कोच हवाय. उत्तर काय येईल याची तयारी ठेवून विचारा.

उन्हाचं राहिलंच. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, ४३-४४ लाही टेकतो. लहान अंग लवकर तापतं आणि खेळाच्या नादात तहान कळत नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात खेळा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. स्पर्धावाले दुपारी अकराची मॅच देत असतील तर सरळ नाही म्हणा. दर पंधरा मिनिटांनी पाणी, मध्ये मागितलं तर मध्येही. नळाला रोज पाणी न येणारं आपलं गाव, प्रत्येकाच्या घरून भरलेली बाटली येईलच असं नाही, म्हणून एक जार मैदानावर ठेवा. पाणी तोडणं ही शिक्षा कधीच नाही. गरगरतंय, मळमळतंय म्हणालं की सावलीत न्या, ओला टॉवेल अंगावर टाका, आणि पोरगं पटकन सावरलं नाही तर वाट न बघता दवाखाना.

सोमवारी मैदानावर जाण्याआधी गळालेल्या सहाही घरी एक चक्कर मारा. शिस्त माझ्याच अंगलट आली, एवढं सांगितलंत तरी पुरे. सगळी परत येणार नाहीत. वहीत गोल लिहिणं थांबवा, कोण आलं आणि कोण नाही एवढंच लिहा. आणि संध्याकाळी ‘सर, अजून एक गोल, लास्ट!’ असं सगळी कोकलत असतील, तेव्हाच खेळ थांबवून घरी पाठवा.

ता. क. : नवीन चेंडूत हवा भरताना पंपाची पिन ओली करून घाला. कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि पोरं तोंडाकडं बघत उभी राहतात.